तिकीट लावून घरं दाखवली तेव्हा: किनाऱ्यावरच्या एका बाग मंडळाचं प्रकरण

रविवारी संध्याकाळी शेवटची रिक्षा वळणाआड गेली आणि मोठ्या घरच्या काकींनी मला ओटीवर बोलावलं. काही न बोलता त्यांनी खाली बोट दाखवलं. शुक्रवारी सारवलेली जमीन उंबऱ्यापासून झोपाळ्यापर्यंत उखडली होती. पोपडे सुटले होते आणि खालच्या मातीचा भुगा होऊन कोपऱ्यात साचला होता. काकी म्हणाल्या, "तिकिटांचे पैसे मोजा तुम्ही सावकाश. मला एवढंच सांग, ही जमीन कोणाच्या पैशानं व्हायची?"

मी आमच्या बाग मंडळाची खजिनदार. पैसे माझ्याच पिशवीत होते, पण उत्तर नव्हतं. कारण तिकिटावर आम्हीच ठळक अक्षरांत छापलं होतं, "जमा होणारी सर्व रक्कम आगरांच्या पुनर्लागवडीसाठी." आगर म्हणजे घरामागची माड-सुपारीची बाग; त्या वाक्यात काकींची ओटी कुठेच बसत नव्हती.

त्या प्रश्नासाठीच हे सगळं लिहून काढते आहे. जुनी घरं आणि त्यांच्या मागची आगरं लोकांना दाखवून चार पैसे उभे करावेत असं आता आमच्या किनाऱ्यावर बऱ्याच गावांत बोललं जातं. आम्ही ते करून बसलो आहोत. काय केलं, कुठे चुकलं आणि दुसऱ्या वर्षी काय बदललं ते जसं घडलं तसं सांगते.

आगर कसं गेलं

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राला लागून. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, मध्ये वस्ती, खाली माडांची आणि पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, आगरं, त्यापलीकडे सुरूबन आणि पुळण. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. मृग तोंडावर आलेला, घराघरांवर कौलं नुकतीच परतून झालेली. ती पत्त्यांसारखी उडाली. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. संध्याकाळी आगरात पाऊल ठेवायला जागा नव्हती आणि डोक्यावर, आमच्या पिढीनं कधीच पाहिलं नव्हतं इतकं, मोकळं आकाश होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जी झाडं उभी राहिली ती वाचली. तसं होत नाही. पोफळ सावलीत वाढणारं झाड आहे. वरचे माड गेले की पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येतं, साल भाजते, तडकते आणि पुढे कधीतरी साध्या वाऱ्यानंही ते खोड नेमकं त्याच जागी मोडतं. नवं रोप लावलं तर पहिलं बेडं, म्हणजे सुपारीचं फळ, दिसायला पाच-सहा वर्षं जातात. रोप लावण्याआधी केळी लावाव्या लागतात, कारण कोवळ्या पोफळीला सावली देणारं दुसरं कोणी उरलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती कुठल्याही पंचनाम्यात येत नाही. आमच्याकडचा पाडेली, म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणारा माणूस, पूर्वी एका पोफळीवर चढला की शेंडा झुलवून दुसरीवर जायचा, तिथून तिसरीवर. सगळी रांग उतरूनच खाली यायचा. आता मधली झाडंच नाहीत. प्रत्येक पोफळीसाठी उतरायचं, पुन्हा चढायचं. तेवढ्याच सुपारीला दुप्पट कष्ट, आणि ते करायला तयार असलेली माणसं दरवर्षी कमी.

भरपाई हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाली. म्हणजे गुंठ्याला 500. आमच्याकडे आगर हेक्टरात मोजत नाहीत. पाच गुंठ्यांच्या आगराला 2,500 रुपये येतात, आणि मोडलेली खोडं ओढून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागते.

आमचं बाग मंडळ म्हणजे 22 बायका. सुरुवात भिशीपासून झाली. भिशीला येताना कोणी अनंताची फांदी आणायची, कोणी मिरवेलीचं छाट, कोणी भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रातून आणलेलं जायफळाचं कलम दाखवायची. वादळानंतर या देवाणघेवाणीला वेगळंच वजन आलं. ज्यांचं सगळं गेलं त्यांना रोपं हवी होती, शेकड्यांनी हवी होती, आणि भिशीच्या पैशांतून ती होणार नव्हती.

कल्पना कुठून आली

माझी भाची काही वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियात होती. तिथे दर वसंतात बाग मंडळांच्या बायका जुनी घरं आणि बागा तिकीट लावून उघडतात, असं तिनं सांगितलं. मला ते पटलं म्हणून मी वाचत गेले. 1927 मध्ये तिथल्या मंडळानं माँटिसेलो इथे, म्हणजे अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरी, फुलांचं प्रदर्शन भरवून 7,000 डॉलर जमवले होते, कशासाठी तर जेफरसननं लावलेली झाडं वाचवण्यासाठी. त्यातूनच 1929 मध्ये घरं आणि बागा उघडण्याचा पहिला सप्ताह झाला. त्याच 1927 साली इंग्लंडात 609 बागा माणशी एक शिलिंग घेऊन उघडल्या गेल्या आणि 8,191 पौंड जमले. ते पैसे गावोगावी घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना गेले.

झाडं वाचवण्यासाठी घराचं दार उघडायचं, ही गोष्ट मला आमचीच वाटली. आमच्याकडे घर आणि आगर वेगळं काढताच येत नाही. मागच्या पडवीतून उतरलं की विहीर, विहिरीपासून पाट, पाटाला लागून पोफळींची आळी. न्हाणीघराचं पाणीसुद्धा केळीलाच जातं.

कोकणात पाहण्यासारखी घरं आहेतच. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आहे, मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. पण ती स्मारकं आहेत. टिळकांच्या जन्मस्थानाची देखभाल पुरातत्त्व खातं करतं, केशवसुतांच्या घराची कोकण मराठी साहित्य परिषद. तिथे उंबऱ्यावर उभं राहून "पाय धुऊन या" म्हणणारं कोणी नसतं. आम्ही उघडणार होतो ती राहती घरं होती, आणि हा फरक किती मोठा आहे हे आम्हाला नीट कळलेलं नव्हतं.

तयारी

वादळानंतरचा तिसरा हिवाळा. आम्ही पौषातला शनिवार-रविवार निवडला. शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, तेव्हा घरं भरलेली. पौषात हवा गार, पाट वाहते, आणि खळ्यात सुपारी वाळत घातलेली. ती चाळीस-पंचेचाळीस दिवस उन्हात वाळते, त्यामुळे लोकांना ती पाहायला मिळणार हे नक्की होतं.

सहा घरं ठरवली. सगळ्यांत जुनं मोठं घर, काकींचं. सात खणी. जोतं चिऱ्याचं, पायऱ्या घडीव, भिंती दोन हात रुंद आणि शिंपल्यांच्या चुन्यानं लिंपलेल्या. ओटीचे खांब फणसाचे. वर्षानुवर्षं पाठ टेकून ते काळेभोर, गुळगुळीत झाले आहेत. आत माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची अंधारी खोली. वर माळा, तिथे एके काळी भात आणि सुकवलेला फणस राहायचा, आता पाटे-वरवंटे आणि मोडका पाळणा आहे.

घराचं वय सांगायला मी एक युक्ती शिकले, ती इथे नोंदवते कारण कोणालाही करता येईल. मंगळूरला बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि नंतर अशी चपटी कौलं गलबतांतून आमच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधी कुंभारानं केलेली नळीची कौलं असायची, नाहीतर गवत आणि झावळ्या. एखादं मंगलोरी कौल उलटं करून पाहिलं की पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. काकींच्या घराच्या पुढच्या छपरावर मंगलोरी आहेत, मागच्या पडवीवर मात्र अजून नळीची आहेत. म्हणजे मंगलोरी कौलं आमच्याकडे पोचायच्या आधीपासूनचं ते घर असावं. हे सांगितलं की लोक मागे जाऊन वर बघत राहायचे. दोन दिवसांत सगळ्यांत जास्त फोटो त्या पडवीचे निघाले.

तिकीट 300 रुपये ठेवलं. जेवण वेगळं. ते बचत गटाच्या बायकांनी केलं आणि त्याचे पैसे थेट त्यांनीच घेतले. डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, तांदळाची भाकरी, सोलकढी. या भागात काहीही चुकलं नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. गाड्या सड्यावरच्या मैदानात लावायच्या आणि खाली रिक्षानं यायचं, हेही जमलं. मंडळ तोपर्यंत नोंदलेलं नव्हतं. पावतीपुस्तक छापलं, पण ते कोणत्या नावानं आणि कोणत्या अधिकारानं, हा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्ही अडचणीत आलो असतो. नोंदणी आम्ही नंतर केली, ती आधी करायला हवी होती.

दोन दिवस

शनिवारी 140 माणसं आली, रविवारी 210. मुंबई-पुण्याची होती, चिपळूण-खेडची होती, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मुलं-मुली होती. मला वाटलं होतं लोक देवघराचे नक्षीदार दरवाजे आणि पितळी कड्या बघतील. ते बघत होतेच, पण थांबत होते चुलीपाशी आणि विहिरीपाशी. एका घरातला जुना रहाट आम्ही तेल घालून चालता केला होता. एक आजोबा अर्धा तास तिथेच बसून होते. लहानपणी आपण आगर शिंपायचो, असं कोणाला तरी सांगत होते.

बारीकसारीक गोंधळ झाले. पाहुणे न्हाणीघरात शिरले. देवघराचे फोटो काढू नका म्हटल्यावर एकजण रागावला. काकींच्या माळ्यावर एका वेळी पाचजण असं ठरलं होतं, तिथे एकदा बारा चढले. तो क्षण आठवला की मला अजून भीती वाटते, कारण दुसऱ्या वर्षी सुतारानं पटाशीच्या मुठीनं ठोकून पाहिलं तेव्हा मधल्या तुळईचा आवाज पोकळ आला. वरून धडधाकट दिसणारी तुळई आतून वाळवीनं खाल्लेली होती.

आणि मग रविवारी सकाळची गोष्ट.

काकींच्या घरी सारवणाला वरच्या वाडीतल्या एक मावशी येतात. सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या सासूही याच घरी सारवणाला यायच्या. शनिवारी उखडलेली जमीन तात्पुरती लिंपायला त्या बादली घेऊन मागच्या पडवीत बसल्या होत्या. काकींचे दीर पाहुण्यांना घर दाखवत होते. एका मुलीनं विचारलं, "हे घर कोणी बांधलं?" ते म्हणाले, "आमच्या पणजोबांनी. गावचे खोत होते ते."

मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "बांधलं नाय, बांधून घेतलंन. चिरे माज्या आजेसासऱ्यानं सड्यावरनं डोक्यावर घेऊन आनलेन. वेठीला. येक पैसा मिळाला नाय."

पडवीत वीस-पंचवीस माणसं होती. कोणी हललं नाही. काकींचे दीर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खरं आहे ते." आणि बाजूला झाले. पुढची चाळीस मिनिटं पाहुण्यांतल्या मुली मावशींभोवती बसून होत्या. खाण कुठे होती, किती माणसं लागायची, पावसाळ्यात काय करायचे, त्यांच्या घरची जमीन कशी होती. मावशींनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मी दारात उभी होते. तीन आठवडे बसून आम्ही घरांची माहितीपत्रकं लिहिली होती. खांब कसले, चुना कसला, झोपाळ्याच्या कड्या कुठल्या, सगळं त्यांत होतं. चिरे कोणी आणले हे एकाही ओळीत नव्हतं, आणि ते लिहायचं राहिलं आहे असं 22 जणींपैकी कोणालाही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

खोती ही आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावी लागू नये अशी गोष्ट आहे. गावाचा सारा खोत भरायचा आणि कुळांकडून धान्यात, फळांत, वेठीत वसूल करायचा. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच काळात अलिबागजवळ चरी इथे शेतकऱ्यांचा संप चालू होता, तो 1933 पासून 1939 पर्यंत चालला. कायद्यानं खोती गेली ती 1949 च्या कायद्यानं. म्हणजे ज्यांच्या सासऱ्यांनी खोताचं घर पाहिलं आणि ज्यांच्या सासऱ्यांनी त्याला खांदा दिला, अशी माणसं अजून याच गावात शेजारी-शेजारी राहतात. घर दाखवायचं आणि हे सांगायचं नाही, तर आपण लोकांना अर्धंच घर दाखवतो.

घर कोणाचं, आगर कोणाचं

सोमवारी सकाळी पाचव्या घरामागच्या आगराचे मालक माझ्याकडे आले. तिशीतला मुलगा. म्हणाला, "ताई, घर त्यांचं आहे, पण आगर आमचं आहे. सातबारा बघा." मला माहीत असायला हवं होतं. 1948 च्या कूळकायद्यानं आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानं, म्हणजे कसणारी कुळं जमिनीची मालक झाली त्या दिवसानं, ते आगर त्याच्या आजोबांच्या नावावर झालं. घर उघडायला आम्ही घरमालकांची परवानगी घेतली आणि साडेतीनशे माणसं दुसऱ्याच्या आगरातून फिरवली. पाटाचे बांध फुटले होते, सहा-सात आळी तुडवली गेली होती, आणि त्यानं वादळानंतर लावलेली जायफळाची दोन कलमं मोडली होती. ज्या आगरांसाठी आम्ही पैसे जमवत होतो त्यांतलंच ते एक. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "विचारलं असतंत तर मी स्वतः दाखवलं असतं."

सहाव्या घराचं प्रकरण वेगळं. ते सामाईक घर. गावात एकच कुटुंब राहतं, पण हिस्सेदार मुंबई, ठाणे, बडोदा इथे मिळून अकरा. राहणाऱ्या वहिनींनी आनंदानं होकार दिला होता. तीन दिवस आधी भावकीच्या गटावर निरोप आला, "आमच्या सामाईक घराला तिकीट लावायचा अधिकार कोणी दिला?" वहिनींना रात्रभर फोन येत राहिले. आम्ही घर वगळलं. छापून झालेल्या नकाशांवर सहा नंबरच्या घरावर हातानं फुली मारली. गावकीत राहून भावकीशी वैर घ्यायला लावणं हे आमचं काम नव्हतं, पण नकळत आम्ही तेच केलं होतं.

हिशेब असा झाला. 350 तिकिटांचे 1,05,000 रुपये. छपाई, रिक्षा, तात्पुरती शौचालयं, पाणी, चहा मिळून 31,000. हातात 74,000.

बैठक

देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. दोन बाजू पडल्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक बाजू म्हणाली, तिकिटावर छापलं ते पाळायचं. लोकांनी रोपांसाठी पैसे दिले, त्यातला एक रुपयाही ओटीला गेला तर पुढच्या वर्षी आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? दुसरी बाजू म्हणाली, ज्यांनी घर उघडलं त्यांच्याच घराचं नुकसान आपण तसंच सोडून आलो तर पुढच्या वर्षी दार कोण उघडेल?

मला तेव्हा नॅचेझ गावाची गोष्ट आठवली, ती मी सगळ्यांना सांगितली. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे गाव. 1931 मध्ये तिथे बाग मंडळांची राज्य परिषद भरली आणि ऐन वेळी कडाक्याची थंडी पडून बागांतली फुलं करपली, म्हणून बायकांनी बागांऐवजी घरं उघडली. 1932 पासून ते दरवर्षी होऊ लागलं, आणि मंदीत बुडालेल्या गावाला त्याचा आधार झाला. पण चार-पाच वर्षांतच मंडळ फुटलं, ते पैशाच्या वाटपावरून. मंडळाला एक जुनी वास्तू दुरुस्त करायची होती, तर ज्यांची घरं पाहायला लोक येत त्या बायका म्हणत होत्या की आमच्या छपरांना आधी द्या. दोन मंडळं झाली, दोन वेगळ्या सहली निघू लागल्या, भांडण कोर्टात गेलं. आणि ती सगळी घरं कापसाच्या पैशावर, गुलाम केलेल्या माणसांच्या श्रमावर उभी राहिलेली. त्या माणसांबद्दल घर दाखवताना कित्येक दशकं कोणी काही बोलत नसे.

सभामंडपात थोडा वेळ शांतता होती. मग आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं विचारलं, "म्हणजे आपणही तेच केलं ना?" या प्रश्नावर कोणी वाद घातला नाही.

माझं मत मी तिथे मांडलं आणि आजही तेच आहे. छापलेला शब्द पाळायलाच हवा, पण तो शब्दच चुकीचा होता. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कौलं दरवर्षी परतावी लागतात. एक वर्ष चुकलं की रीप कुजते, दुसऱ्या वर्षी वासा, तिसऱ्या वर्षी भिंत ओली होते आणि चौथ्या वर्षी तिथे भिंतीऐवजी मातीचा ढीग असतो. अशा घराचं दार काकी 300 रुपयांत उघडतात आणि त्यातलं त्यांना काहीही मिळत नाही, तर आम्ही मदत गोळा केली नाही, आम्ही ती काकींकडून घेतली.

शेवटी 74,000 रुपये सगळे आगरांना गेले. केळीचे मुनवे, श्रीवर्धनी सुपारीची रोपं, बाणवली नारळ. पहिला वाटा मोडलेल्या जायफळांच्या मालकाला. काकींची ओटी आम्ही आमच्या हातांनी करायला घेतली, आणि मावशींना दिवसाची पूर्ण मजुरी भिशीतून देऊन शिकवायला बोलावलं. उखडलेली जमीन खणून काढायची, पाणी मारायचं, लाल माती चाळून भरायची, चोपण्यानं रोज चोपायची, सुकू द्यायची, पुन्हा चोपायची. आठ दिवस लागले. आमच्या हातांना फोड आले. सारवणाचा हात मात्र मावशींनीच मारला, तो कोणालाही द्यायला त्या तयार नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी

तिकिटावरचं वाक्य बदललं. आता त्यावर लिहिलं आहे: खर्च आणि मजुरी वजा जाता निम्मी रक्कम उघडलेल्या घरांच्या डागडुजीला, निम्मी आगरांच्या लागवडीला. घरमालकाला रोख देत नाही. शाकारणीची कौलं, रिपा, सुताराची मजुरी यांचं बिल मंडळ भरतं. एका गटात पंधराच माणसं, दिवसाला आठ गट. त्यामुळे तिकिटं कमी विकली गेली. ते आम्हाला चाललं. माळे बंद. सारवलेल्या जमिनीवर कापडी पट्टा अंथरलेला, अनवाणी त्यावरूनच जायचं. ओटीचा पुढचा भाग तसाच मोकळा ठेवला, बसून हात लावून बघता यावा म्हणून.

घरासाठी सही घ्यायची ती ग्रामपंचायतीचा उतारा पाहून, त्यावरच्या सगळ्या नावांची. आगरासाठी सातबारा पाहून. हे लिहायला सोपं आहे, करायला तीन महिने लागले. पाचव्या घरामागचं आगर आता तो मुलगाच दाखवतो. पोफळीचं भाजलेलं खोड आणि केळीच्या सावलीतलं रोप शेजारी-शेजारी उभं करून तो जे सांगतो ते आमच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. दिवसाचे पैसे त्याला मिळतात.

मावशींना आम्ही बोलायची विनंती केली. काकींच्या दिरांनी ती आमच्या आधी केली होती. मावशी म्हणाल्या, येईन, पण ओटीवर बसून सांगेन, मागच्या पडवीत नाय. आयुष्यभर त्या ओटी सारवत आल्या, तिच्यावर कधी बसल्या नव्हत्या. काकींनी स्वतः चटई घातली. पहिला गट आला तेव्हा मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत, खांबाला हात लावून बसल्या. मग चिऱ्यांपासून सुरुवात केली.

काकींनी या वर्षी ओटी, मागची पडवी आणि विहीर उघडली. माजघर उघडलं नाही. मी कारण विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या मागच्या छपरासाठी नळीची कौलं शोधायला आम्ही तीन गावं फिरलो. शेवटी पडलेल्या एका गोठ्याची मिळाली.

सहाव्या घराच्या हिस्सेदारांना पत्रं पाठवली. नऊ जणांच्या सह्या आल्या, दोघांची उत्तरं अजून नाहीत. त्यामुळे नकाशावर त्या घराचा आकडा आम्ही छापला नाही. शेजारच्या गडग्यावरून त्याचं छप्पर दिसतं. या पावसाळ्यात आढ्याजवळची सात-आठ कौलं सरकली आहेत, आणि वहिनी रोज सकाळी माजघरातली बादली ओतून पुन्हा त्याच जागी ठेवतात.